मामाच्या सहा सुपाऱ्या

मला सायकल चालवता येत होती, पंक्चर काढता येत होतं, आन् बाकी काहीच येत न्हवतं. एवढ्या भांडवलावर मी अंबडच्या सायकल मंडळीचा निरोप्या झाल्तो. हा मान मला कामून मिळाला ते पन सांगतो. सायकलच्या दुकानात आम्ही दोघं होतो, मालक आन् मी. मालकाला काम होतं.

निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्सं झाल्ती. गावात सायकली वाढून राह्यल्या होत्या. कोर्टात एक कारकून होते, त्याह्यला सगळे भाऊसाहेब म्हनायचे. ही मंडळी त्यांच्याच डोक्यातून निघाली. पंधरा दिवसाला एका ऐतवारी सगळ्यांनी मिळून सायकलीवर कुठंतरी जायचं, कधी जालन्याच्या वाटेनं, कधी शहागडला गंगेवर, म्हंजे आमच्या गोदावरीवर. तिथं दशम्या सोडायच्या, गप्पा हानायच्या आन् दिवस मावळायच्या आत घरी. मेंबर चौदा. एक शाळेचे मास्तर, एक शिंपी, दोन-तीन दुकानदार, बाकी कोर्ट-कचेरीतले. मी मेंबर न्हवतो. मी सगळ्यात मागं, कॅरिअरला पंप बांधून. पन चौदा घंट्या एकदम वाजवत आम्ही वेशीतून निघालो का बाया दारात येऊन उभ्या राहायच्या, आन् मला वाटायचं का ह्या सगळ्या मलाच बघून राह्यल्या. एकदा असंच छाती काढून चाललो होतो तं नालीत गेलो. तेव्हा मातर त्या खरंच मलाच बघत होत्या.

मंडळी चालवायची म्हंजे खबर द्यायची. ह्या ऐतवारी कुठं, किती वाजता, कोनी काय आनायचं. पयले भाऊसाहेब चिठ्ठ्या लिहायचे. त्यांचं अक्षर मोत्यासारखं हाये असं लोक म्हनायचे. मला वाचताच येत न्हाई, तं मला मोती काय आन् ज्वारी काय. पयल्याच खेपेला मी चिठ्ठ्या घरांच्या हिशेबानं लावून खिशात ठेवल्या, आडावर पानी प्यायला वाकलो, आन् सगळ्या खाली पडल्या. उचलल्या, जशा हाताला लागल्या तशा वाटल्या. मास्तरांची चिठ्ठी शिंप्याला गेली. त्यात लिव्हलं होतं का येताना भजनाची पेटी आना. शिंप्याच्या सात पिढ्यात कोनी पेटी वाजवली न्हवती, पन भाऊसाहेबांचा शब्द, म्हनून त्यानं देवळातून पेटी मागून आनली आन् कॅरिअरला बांधून आला. मास्तरांला गेली शिंप्याची. त्यात होतं, धोतर बराबर खोचून या, मागच्या बारीला चेनीत अडकून सगळ्यांसमोर फजिती झाली. मास्तर महिनाभर भाऊसाहेबांशी बोलले न्हाईत.

मंग मास्तरांनीच तोड काढली. राग गेल्यावर. ते म्हनले, लग्नाचं आवतन आपन सुपारीनं देतो, त्याला कुठं वाचता यावं लागतं. तशीच मंडळीची सुपारी काढा.

तवापासून चालू झालं. गुरुवारी सांजच्याला भाऊसाहेब चौदा सुपाऱ्या मोजून माझ्या बटव्यात टाकायचे आन् कुठं जायचं ते मला तीनदा घोकून घ्यायचे. शुक्रवारी मी घरोघर फिरायचो. ज्याच्या हाती सुपारी दिली त्यानं यायचं असलं तं ठेवून घ्यायची, जमत नसलं तं मला परत द्यायची. शनिवारी मी उरलेल्या सुपाऱ्या भाऊसाहेबांच्या हातावर ठेवायचो, कोनाची कोनती ते सांगायचो. ऐतवारी विसाव्याला भाऊसाहेब खिशातून अडकित्ता काढायचे, परत आलेल्या सुपाऱ्या कातरायचे आन् आम्ही सगळे मिळून खायचो. न आलेल्याची सुपारी आलेल्यांनी खायची, असा कायदा. आनखी एक कायदा होता. एकाची सुपारी लागोपाठ सहा बारीला परत आली तं त्याचं नाव काटायचं. हा कायदा नुसता बोलायला होता. दोनच्या वर कोनाची परत आल्ती, मला आठवत न्हाई.

मंग एका दिवाळीच्या आसपास मामा मंडळीत आला.

मामा मेंढरंवाला. माझा सख्खा न्हवं, सगळेच त्याला मामा म्हनायचे. अंबडपासून चार कोसावर, तीर्थपुरीच्या वाटेला फाटा लागतो, तिथून आत अर्ध्या कोसावर त्याची वस्ती. घरचा वाडवडलांपासूनचा धंदा मेंढरांचाच. त्या साली दिवाळीनंतर त्यानं अंबडच्या शिवारात लोकांच्या वावरात मेंढरं बसवली होती, लेंडीखतासाठी. तेव्हा त्यानं आम्हाला एका ऐतवारी जाताना बघितलं. दुसऱ्या दिवशी दुकानात आला. खांद्यावर घोंगडी, डोक्याला पागोटं, मिशा अशा का त्यावर दोन चिमन्या बसाव्या. मला म्हनला, मला हे शिकव. मी म्हनलं, मामा, तुमचं वय काय. तो म्हनला, वय मेंढ्याचं बघतात, दातावरून. माझे सगळे हायेत.

आठ दिवसात शिकला. मी त्याच्या मागं सायकल धरून पळायचो. नवव्या दिवशी मी धरून पळतोय आन् तो पुढं निघून गेलाय, माझ्या हातात नुसती त्याची घोंगडी. गावभर मी ते सांगत फिरलो का मामा सायकल शिकला आन् मी घोंगडी चालवायला शिकलो. मामानं जुनी पन चांगली हिरवी सायकल घेतली. भाऊसाहेब पयल्यांदा जरा बिचकले. मंडळीत सगळे टोपीवाले, कोटवाले. पन मास्तर म्हनले, सायकलीला दोन चाकं असली म्हंजे झालं. मामा पंधरावा मेंबर झाला. भाऊसाहेबांनी बटव्यात पंधरावी सुपारी टाकली.

मामाला त्या सुपारीचं लई अप्रूप. पयली दिली तेव्हा त्यानं दोन्ही हातानं घेतली, कपाळाला लावली आन् पागोट्यात खोवली. म्हनला, आजपत्तोर मला कोर्टातल्या मानसानं बोलावलं ते मेंढरं पिकात गेली म्हनून. हे पयलं आवतन.

चार-पाच बाऱ्या तो आला. चढावर त्याच्या पुढं कोनी जात न्हवतं. अनवानी पायडल मारायचा. विसाव्याला सगळे थकून आडवे व्हायचे आन् हा उभाच, दूरवर कोनाची मेंढरं दिसतात का बघत.

संक्रातीनंतर मामानं मेंढरं वस्तीवर नेली. आता त्याची सुपारी द्यायला मला चार कोस आन् वर अर्धा कोस जायचं. गेलो. फाट्यावरून आत वळलो, वस्ती दिसायला लागली, आन् समोरून तीन कुत्री आली. मेंढराची कुत्री तुम्ही बघितली असतील. लांडग्याला भेत न्हाईत. मी लांडगा न्हवतो हे त्याह्यला कळलं असनार, तरीबी आली. मी सायकल टाकली आन् समोरच्या बाभळीवर चढलो. बाभळीवर मानूस चढत न्हाई. मी चढलो. खाली कुत्री, वर काटे, मधी मी. धोतर अर्धं कुत्र्याकडं, अर्धं बाभळीकडं.

मामा पळत आला, कुत्री हाकलली, मला खांद्यावर घेऊन उतरवलं. माझ्या अंगातले काटे त्यानं बसून काढले, मला घोंगडी नेसवली, दूध-भाकर खाऊ घातली, सुपारी पागोट्यात खोवली. हसला न्हाई. एकदाबी न्हाई. निघताना म्हनला, सुपारीच्या शुक्रवारी तूच येनार ना? मंग पुढच्या बारीला कुत्र्याची फिकीर करू नको. मी मनात म्हनलं, मामा, फिकीर कुत्र्यानं करायची असती तं गोष्ट वेगळी होती.

ही गोष्ट मी गावात कोनाला सांगितली न्हाई. आता हे बघा, मी नालीत पडलेलो सांगायचो, सासऱ्यानं जत्रेत मला ओळख दिली न्हाई ते सांगायचो, लोक हसले का मला पोटभर जेवल्यासारखं वाटायचं. पन बाभळीवरचं मातर सांगितलं न्हाई. त्यात मी खरंच भेलो होतो. इतका का झाडावर मला ओलं झाल्तं. ते आज पयल्यांदा सांगून राह्यलो.

पुढच्या बारीच्या शुक्रवारी गावातल्या चौदा सुपाऱ्या दिल्या आन् चार कोस निघालो. अर्ध्या वाटेवर झाडाखाली बसलो. विचार केला, थोडं बसून जाऊ. दिवस कलला. मंग विचार केला, आता कुठं जायचं. घरी आलो. बटव्यात एक सुपारी उरली होती.

शनिवारी भाऊसाहेबांच्या हातावर ठेवली. ते म्हनले, "मामाची?"

मी मान हलवली. एवढंच. खोटं बोललो न्हाई, तोंडबी उघडलं न्हाई. ती सुपारीच बोलली. गेलो न्हाई म्हनून उरली तरी सुपारी परत, आन् न्हाई म्हनला म्हनून उरली तरी सुपारी परत. सुपारीला काय म्हाईत. पन भाऊसाहेबांनी इचारलं, "का हो, काय म्हणाला?" आन् मंग मला बोलावं लागलं. मी म्हनलं, मेंढ्या व्यायला लागल्या.

त्या ऐतवारी भाऊसाहेबांनी ती सुपारी कातरली. मीबी खाल्ली.

दुसऱ्या बारीला मी अर्ध्या वाटेपत्तोर पन गेलो न्हाई. म्हनलं, मामाच्या पायात काटा गेला. तिसऱ्या बारीला सांगायला काही सुचेना. सगळे विसाव्याला बसले होते, शिंप्यानं इचारलं, मामाचं काय झालं रे, आन् माझ्या तोंडून निघून गेलं का मामा म्हनतो, मी सायकलीवर बसलो का मेंढरं मला ओळखत न्हाईत, दुसऱ्याच्या कळपात निघून जातात. सगळे असे हसले का शिंप्याला ठसका लागला. भाऊसाहेबांनी डोळे पुसले. माझं पोट भरलं.

चौथ्या बारीला लोक वाटच बघत होते. मामाचं काय, मामा काय म्हनला. मी सांगितलं का मामानं मोठ्या मेंढ्याच्या गळ्यात सायकलची घंटी बांधली, आता मेंढा वाट मागत फिरून राह्यला. पाचव्या बारीला आनखी काहीतरी. मास्तर एकटे हसले न्हाईत. म्हनले, तो मानूस असं बोलनारा न्हाई. मी म्हनलं, मास्तर, लोक बदलतात. आजवर मी लोकांला हसवलं ते माझ्या अंगावर. ह्या पयल्या गोष्टी होत्या ज्या मी दुसऱ्याच्या अंगावर केल्या, आन् त्याच्यावर लोक जास्त हसले. हे मला तेव्हा कळलं न्हवतं असं न्हाई. कळलं होतं.

तुम्ही म्हनाल, मामा सोता कामून आला न्हाई इचारायला. त्याचा बाजार तीर्थपुरीचा, अंबडला त्याचं काम पडत न्हवतं. आन् दुसरं, आवतनाबिगर जानारा तो मानूस न्हवता. सुपारी आली न्हाई म्हंजे बोलावलं न्हाई. त्यानं असंच धरलं असनार. इकडं मंडळी म्हने मामाला आमची गरज न्हाई, तिकडं मामा म्हनत असनार मंडळीला माझी न्हाई. दोन्हीच्या मधी मी, बटवा घेऊन.

सहावी बारी रामनवमीची, ती त्या साली ऐतवारीच आल्ती. दर साली मंडळी रामनवमीला जांबला जायची, समर्थांच्या देवळात. गुरुवारी भाऊसाहेबांनी पंधरा सुपाऱ्या मोजल्या, पंधरावी हातात धरून थांबले. म्हनले, "ही परत आली तर नेम लागू होतो. नाव काटावं लागेल. त्याला नीट सांगा, मंडळीला तो हवा आहे. एवढं सांगाच."

मी सांगनारच होतो. त्या रात्री मी घरच्या देवाला नारळ बोललो. शुक्रवारी सकाळी उठून पयले मामाकडंच निघालो, गावातल्या सुपाऱ्या नंतर देऊ म्हनून. काठी घेतली, खिशात भाकरीचे तुकडे घेतले. चार कोस गेलो. फाटा आला. आत वळलो. त्या बाभळीपाशी वाट वळते, ते वाकन दिसायला लागलं. आन् त्याच्या पलीकडून कुत्री भुंकायला लागली. तशी कुत्री मी जनमात ऐकली न्हवती. घसा फोडून, एकसारखी, थांबायलाच तयार न्हाईत. मला वाटलं, मागच्या बारीनं माझा वास ह्यांच्या ध्यानात राह्यला. वाकनाच्या अलीकडं मी उभा राह्यलो. भाकरीचे तुकडे मीच खाल्ले. मंग सायकल फिरवली.

शनिवारी सुपारी भाऊसाहेबांच्या हातावर ठेवली. त्याह्यनं काही इचारलं न्हाई. वही काढली, एका वळीवर रेघ मारली. मला वाचता येत न्हवतं, पन ती वळ कोनाची ते मला कळलं.

आता मोठी पंचाईत. जांबची वाट आन् तीर्थपुरीची वाट मामाच्या फाट्यापत्तोर एकच. रामनवमीला पंधरा सायकली मामाच्या फाट्यावरून जानार. त्या घंट्या वस्तीवर ऐकू जानार. मामा तिथं येऊन उभा राह्यला तं? मला रातभर झोप न्हाई. सकाळी निघताना मी भाऊसाहेबांला म्हनलं, मला एक जवळची वाट म्हाईत हाये, गाडीवाट, वावरातून जाते, एक कोस वाचतो. मी कधी वाट दाखवली न्हवती. सगळे खूश झाले. मी पयल्यांदा सगळ्यांच्या पुढं.

ती वाट मलाबी म्हाईत न्हवती. मला एवढंच म्हाईत होतं का ती फाट्यावरून जात न्हाई. फाट्याच्या अलीकडं वळून दीड कोसावर ती एका कुंपनात शिरली. उन्हाळा, वाळलेल्या बाभळीचे काटे धुळीत पसरलेले. पयला आवाज मास्तरांच्या चाकाचा आला, मंग शिंप्याच्या, मंग मोजायची गरज राह्यली न्हाई. पंधरापैकी अकरा सायकली बसल्या. पंक्चर काढनारा आमच्यात एक, आन् वाट दाखवनारा पन तोच. शिंपी म्हनला का ह्याला आज दोन्हीकडून धंदा.

मी ट्यूबा काढायला बसलो. पंक्चर बघायला पानी लागतं, पानी जवळ न्हाई. सगळे इकडं तिकडं बघून राह्यले. तेवढ्यात बांधावरून एक मानूस येताना दिसला. एका खांद्यावर काठी, दुसऱ्या हातात पान्यानं भरलेली कासंडी. मेंढरं त्याची पलीकडच्या वावरात चरत होती.

मी फाटा टाळला होता. मामा कुठं मेंढरं चारतो ते मी इचारलं न्हवतं.

मामा आला. सगळ्यांला रामराम केला. कासंडी माझ्यापुढं ठेवली. लोकांच्या मनात होतं का ह्यानं सहा बाऱ्या आपल्याला झिडकारलं. मंग भाऊसाहेब हसत म्हनले, मोकळं व्हावं म्हनून म्हनले असतील, "काय मामा, सायकलीवर बसलं की मेंढरं ओळखत नाहीत म्हणे तुम्हाला?"

दोघं-तिघं हसले. मामानं भाऊसाहेबांकडं बघितलं. मंग हळूच माझ्याकडं. मी ट्यूब पान्यात धरली होती. बुडबुडे येऊन राह्यले होते आन् मी त्याच्याकडंच बघत होतो. त्याला सगळं कळलं. कळायला किती वेळ लागतो. मेंढरातलं एक लंगडलं तरी कळनारा मानूस तो.

एका शब्दात तो मला उघडं पाडू शकत होता. मी कान लावून बसलो होतो. पडलो असतो उघडा तं बरं झालं असतं, हे मला आता वाटतं. तेव्हा मी देवाला म्हनत होतो, आजच्या दिवस वाचव.

मामा म्हनला, "हाव. न्हाई ओळखत."

भाऊसाहेबांनी सहा सुपाऱ्यांचं सांगितलं. नेम म्हंजे नेम, मनावर घेऊ नका. मामा म्हनला, बराबर हाये.

मंग तो माझ्यापुढं उकिडवा बसला आन् मला ट्यूब धरू लागला. बाकीचे सावलीला गेले. मी खाली मान घालून खरवडत होतो, सोल्यूशन लावत होतो. शेवटी मी म्हनलं, मामा, परवा आल्तो मी. वाकनापत्तोर आल्तो. कुत्री लई भुंकून राह्यली होती.

मामा म्हनला, "बांधलेली होती म्हनून भुंकत होती. दर शुक्रवारी बांधतो मी. तू येनार म्हनून."

मी वर बघितलं न्हाई. अकराच्या अकरा पंक्चरं आम्ही दोघांनी काढली. त्याच्या हाताखाली एकबी ट्यूब हालली न्हाई.

काम झालं तसं भाऊसाहेबांनी अडकित्ता काढला. परत आलेली एकच सुपारी होती. त्यांनी कातरली, सगळ्यांच्या हातावर एक एक खांड ठेवलं, आन् मामापुढंबी हात केला. त्यांच्या मनात काही वाईट न्हवतं. पुढं बसलेल्या मानसाला दिल्याबिगर कसं खायचं. मामानं ते खांड घेतलं, तळहातावर बघितलं. मंग कपाळाला लावलं आन् भाऊसाहेबांच्या हातावर परत ठेवलं. म्हनला, मी खात न्हाई.

सहा सुपाऱ्या मी त्याच्या नावानं परत दिल्या. त्यानं सोताच्या हातानं दिली ती एवढीच.

आम्ही निघालो. घंट्या वाजल्या. मी मागं, पंप बांधून. वळून बघितलं तं मामा बांधावर उभा होता, कासंडी उलटी धरून. मेंढरं त्याच्याभोवती गोळा झाल्ती. चांगली ओळखत होती. जांबला गर्दी लई होती, मी देवळात गेलो, हात जोडले, काय मागावं ते सुचलं न्हाई. बाहेर आलो तं शिंपी सगळ्यांला सांगून राह्यला होता का ह्यानं एक कोस वाचवला आन् चार घंटे घालवले. सगळे हसले. मी पन दोन गोष्टी माझ्याच अंगावर जोडल्या. सवय.

पुढच्या शुक्रवारी मी मामाकडं गेलो. बटव्याबिगर. कुत्री सुटी होती. ह्या बारीला मी सायकल टाकली न्हाई, झाड बघितलं न्हाई, नुसता उभा राह्यलो. म्हनलं, चावू द्या, काही तरी हिशेब फिटेल. तिघं आली, माझे पाय हुंगले, निघून गेली. ती तशी चावनारी न्हवतीच. हे पन मला तेव्हा कळलं.

हिरवी सायकल मेंढरांच्या वाड्याला टेकवलेली होती. तिच्यावर घोंगड्या वाळत घातल्या होत्या. मामानं मला दूध दिलं. मी म्हनलं, मामा, मी आज जाऊन भाऊसाहेबांला सगळं सांगतो, मी गेलोच न्हाई म्हनून. ते रेघ पुसतील.

मामानं सायकलीवरची एक घोंगडी उलटी करून घातली. मंग म्हनला, "आता बोलावलं तं मी पाहुना होईन. मला पाहुनं न्हवतं व्हायचं."

मी म्हनलं, तरी सांगतो. तो म्हनला, तुझी मर्जी.

माझी मर्जी. मर्जीवर आलं का मी काय करतो ते तुम्ही बघितलंच. त्या शनिवारी भाऊसाहेबांसमोर उभा राह्यलो. ते म्हनले, काय हो. मी म्हनलं, काही न्हाई, चाकात हवा भरायची का. त्याच्या पुढच्या शनिवारीबी तसंच. मंग पाऊसकाळ आला, मंडळी बंद राह्यली, मंग दसऱ्याला पुन्ना चालू झाली, आन् गोष्ट इतकी जुनी झाली का काढायला शरम वाटायला लागली. दोन सालानं भाऊसाहेबांची बदली झाली. त्यांच्या गाडीवर सामान मीच चढवलं. शेवटली दोरी बांधताना माझ्या तोंडापत्तोर आल्तं. मी म्हनलं, भाऊसाहेब, गाठ घट्ट हाये बघा. ते गेले. मंडळीबी मंग फार दिवस टिकली न्हाई. सरकारी मोटारी जास्त झाल्या, दुकानदारांची पोटं वाढली, मास्तर दुसऱ्या गावाला गेले.

मास्तरांला मातर जाताना सांगितलं. एकट्यालाच. ते म्हनले, मला अंदाज होता. मी म्हनलं, मंग तुम्ही कामून न्हाई बोलले. ते म्हनले, तू बोलशील म्हनून वाट बघत होतो.

मामा पुढं मेंढरं घेऊन कुठं गंगेच्या पलीकडं गेला म्हनतात. मी पुन्ना त्या फाट्यानं आत गेलो न्हाई, तं मला नक्की म्हाईत न्हाई. मी सुपारी सोडली. लोक म्हनतात दात गेले म्हनून सोडली. मी बी तसंच सांगतो, त्यावर लोक हसतात. दात नंतर गेले.

आन् आताशा मला एक खोड लागली हाये. कुठं कुत्रं लई भुंकायला लागलं, घसा फोडून, एकसारखं, का बाकीचे लोक वाट बदलतात. मी थांबतो. वाकून बघतो, बांधलेलं हाये का.